बाराव्याच्या आधी, बाराव्याच्या नंतर

घरातले माणूस गेल्यानंतर करावयाच्या कामांविषयी कोकणातील वाचकांकडून आलेल्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत. पहिल्या पत्रलेखकांना उत्तर टपालाने आधीच पाठवले होते; तीच अडचण अनेक घरांत असल्यामुळे ते विस्ताराने येथे छापत आहोत.

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमच्या गावी, राहत्या घरी, वडिलांचे नुकतेच निधन झाले. मुंबईतील गिरणीची नोकरी संपल्यानंतर ते गावीच असत. मागे आई, मी आणि दोन विवाहित बहिणी आहोत. मी बदलापूरला नोकरीस असून बारावे झाले की मला परतावे लागेल. सातबाऱ्यावर थोरल्या काकांचे नाव ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून आहे आणि तेही आता हयात नाहीत. घर, कलमांची बाग, बँक, वडिलांची पेन्शन अशा सगळ्या गोष्टी एकदम समोर आल्या आहेत. जाण्यापूर्वी काय उरकावे आणि काय मागे ठेवले तरी चालेल?

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. जाण्यापूर्वी उरकायलाच हवे असे काम खरे तर एकच आहे, ते म्हणजे मृत्यूची नोंद. बाकीची बहुतेक कामे त्या दाखल्याशिवाय सुरूच होत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे ही नोंद मृत्यूपासून २१ दिवसांच्या आत करावयाची असते. वडील घरीच वारले असल्यामुळे नोंद आपल्या ग्रामपंचायतीत होईल आणि माहिती घरातील व्यक्तीने द्यावयाची आहे. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी त्यांना पाहिले असेल त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र आधी घ्या आणि ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना आपण आजवर ग्रामसेवक म्हणत आलो त्यांच्याकडे, द्या. सुतकात कागदाला हात कसा लावायचा हा संकोच अनेक घरांत असतो आणि तो आम्ही समजू शकतो; पण मुदत मृत्यूच्या दिवसापासूनच मोजली जाते. जड वाटत असेल तर भावकीतील एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन जावे.

२१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. बारा दिवस घरी असताना जे काम एका फेरीत होते, तेच पुढे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी खेटे घालायला लावते.

इतर वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. नोंद मृत्यू जेथे झाला तेथेच होते. मूळ गावी होत नाही. सिंधुदुर्गातील रुग्ण उपचारांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेला आणि तेथे वारला, तर नोंद गोव्यात होईल. कोल्हापूर किंवा मुंबईतील रुग्णालयात वारला तर तेथील महापालिकेत होईल. वाहनात वाटेतच प्राण गेले, तर ते वाहन त्यानंतर प्रथम जेथे थांबले त्या ठिकाणी नोंद करावयाची असते. अंत्यसंस्कार गावी झाले म्हणून गावच्या ग्रामपंचायतीत दाखला मागायला गेलेली माणसे रिकाम्या हाती परततात आणि तोवर मुदत संपत आलेली असते.

नोंद करताना सर्वांत जास्त लक्ष नावाकडे द्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आपल्याकडे एका माणसाची तीन नावे असतात : पाळण्यातले एक, शाळेत घातलेले दुसरे आणि गावाने हाक मारलेले तिसरे. आडनावाचाही तोच प्रकार. गावात एक आणि मुंबईच्या गिरणीच्या हजेरीपटावर दुसरे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव एखाद्या कागदावर तसेच राहिलेले असते. म्हणून ग्रामपंचायतीत जाताना वडिलांचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, पेन्शनचा कागद आणि सातबारा बरोबर न्या. दाखल्यावर लिहावयाचे नाव या कागदांशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा आणि आईच्या नावाचीही तशीच खात्री करा. एक काना किंवा एक वेलांटी चुकली, तरी पुढे ‘ही एकच व्यक्ती’ असल्याची प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. माहिती देणाऱ्यास दाखल्याची पहिली प्रत विनामूल्य मिळते. जादा प्रती शुल्क भरून त्याच वेळी घेऊन ठेवा, कारण बँक, पेन्शन, विमा आणि महसूल या प्रत्येक ठिकाणी ती लागेल.

आता बँकेविषयी. वडिलांच्या एटीएम कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे काढू नका. दिवसकार्याला खर्च असतो आणि पिन घरात सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे हे सर्रास घडते. परंतु खातेदाराच्या मृत्यूनंतर त्या रकमेवर सर्व वारसांचा अधिकार असतो आणि एकाने परस्पर पैसे काढल्यास तो गैरव्यवहार ठरतो. पुढे भावंडांत कडवटपणा येतो तो बहुधा अशाच लहान रकमांवरून. खाते आईबरोबर ‘दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो’ या प्रकारचे असेल तर आई ते पुढे चालवू शकते. फक्त दाखला देऊन वडिलांचे नाव कमी करून घ्यावे. खात्याला नामनिर्देशन असेल, तर रक्कम कितीही असली तरी बँकेने त्या व्यक्तीकडे वारसा प्रमाणपत्र मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. नामनिर्देशन नसेल, तरी २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाख रुपयांपर्यंत, आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंत, न्यायालयाच्या प्रमाणपत्राशिवाय सोप्या पद्धतीने दावा निकाली काढावयाचा आहे. सर्व कागद मिळाल्यापासून त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. मात्र एवढे ध्यानात असू द्या की ज्याचे नाव नामनिर्देशनात आहे तो पैशाचा मालक होत नाही. त्याने ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारलेली असते. आपले नाव वडिलांनी घातले असले, तरी आईचा आणि बहिणींचा वाटा त्यात आहेच.

त्याच पासबुकात मागील वर्षभराच्या नोंदी शांतपणे वाचून पाहा. एखाद्या मे महिन्यात ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती जीवनज्योती विम्याची रक्कम असते. त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख रुपये मिळतात, पण हे संरक्षण वयाच्या ५५ वर्षांपर्यंतच असते. २० रुपये वजा झाले असतील तर तो अपघाताचा सुरक्षा विमा होय आणि तो ७० वर्षांपर्यंत चालतो. आपल्या वडिलांचे वय पाहता यांपैकी काही लागू पडण्याची शक्यता कमी आहे, पण आपल्या गावात तरुण माणूस गेलेल्या एखाद्या घराला हे सांगावेसे वाटले तर जरूर सांगा. बँकेतून वीस रुपये कशाचे कापले जातात हे घरात कोणालाच ठाऊक नसते आणि हक्काचे दोन लाख तसेच राहून जातात.

वडिलांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील असावी. ती त्यांच्याबरोबर संपत नाही. पत्नीला विधवा निवृत्तिवेतन मिळते आणि त्याची किमान रक्कम सध्या महिना १००० रुपये आहे. रक्कम लहान आहे, परंतु ती आईच्या स्वतःच्या खात्यात आईच्या नावाने येते, आणि सून किंवा मुलगा कितीही चांगला असला तरी त्या हजार रुपयांचे मोल तिला वेगळे असते. वडिलांच्या ट्रंकेत पेन्शन आदेशाचा, म्हणजे पीपीओचा, कागद शोधून काढा आणि दाखला, आईचे आधार व बँक खाते यांसह १०-डी अर्ज भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे पाठवा. मृत्यूनंतरच्या महिन्यांची पेन्शन खात्यात जमा होत राहिली तर ती परत करावी लागते, म्हणून बँकेला कळवण्यात उशीर नको. ज्यांच्या घरातील व्यक्ती राज्य शासनाची निवृत्तिवेतनधारक होती त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या कोषागारात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस येथे, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जावे.

आता जमिनीकडे वळू. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावयाची असते. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. अर्जासोबत दाखला, सर्व वारसांची नावे, वये, नाते आणि पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडावी लागते. अर्ज ई-हक्क प्रणालीवर बदलापूरहूनही करता येतो. प्रथम वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते. त्यानंतर फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, पडतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर नावे चढतात. तीन महिने उलटले म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. परंतु आपल्याकडे तीन महिन्यांची तीस वर्षे होतात आणि मग एका गुंठ्याला चाळीस नावे जोडावी लागतात.

आपल्या बाबतीत खरी गाठ ‘एकुमॅ’ या नोंदीत आहे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून काकांचे नाव लागले, याचा अर्थ जमीन काकांच्या एकट्याची झाली असा होत नाही. त्यांच्या नावामागे आजोबांच्या सर्व वारसांचे हक्क उभे आहेत. धोका पुढच्या पायरीवर असतो. असा मॅनेजर वारला की केवळ त्याच्याच मुलांची नावे वारस म्हणून लागतात, ‘एकुमॅ’ हा शब्द गळून पडतो आणि बाकीच्या भावांच्या शाखा कागदावरून नाहीशा होतात. यात दरवेळी कोणाची लबाडी असतेच असे नाही. कित्येकदा अर्ज करणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नसतो. म्हणून बाराव्याच्या आत आजचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनीचा खाते उतारा, काढा. काकांच्या निधनानंतर एखादा फेरफार पडला आहे का ते पाहा, आणि काकांचे नाव ज्या फेरफाराने लागले त्या जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा. आजोबांच्या मृत्यूचा दाखला नसेल तर त्याच कक्षात जुने कोतवाल बुक असते. त्यात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी सापडतात. त्यानंतर आजोबांच्या सर्व मुलांची आणि मुलींची नावे लावून घ्यावी व वडिलांच्या जागी आई, आपण आणि दोन्ही बहिणी अशी चार नावे यावीत.

बाराव्याला सारी भावकी मुंबईहून आलेली असते. चुलत भावंडांशी या विषयावर समोरासमोर, आईला जवळ बसवून बोलण्याची ती चांगली वेळ आहे. त्यानंतर जो तो पहाटेच्या गाडीने निघून जातो आणि विषय गणपतीवर ढकलला जातो. मात्र बोलणे वंशावळीपुरते ठेवावे. कोण कोणाचा मुलगा, कोणती आत्या कोठे दिली, कोणाचे वारस कोठे आहेत, हे जुन्या माणसांकडून लिहून घ्यावे. वाटपाची, विक्रीची किंवा कोणाच्या नावाने काय करावे याची चर्चा त्या दिवसांत करू नये आणि कोऱ्या कागदावर कोणाचीही सही घेऊ नये, देऊही नये. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. बाग आज जो राखतो तोच उद्याही राखील. नोंदीने फक्त हक्कदार कोण आहेत ते लिहिले जाते.

राहिलेली कामे थोडक्यात सांगतो. घराची घरपट्टी ज्या नोंदवहीवर आहे त्या ग्रामपंचायत नमुना ८ वर वारसांची नावे लावण्यासाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, कारण सातबारा बदलला म्हणून तो आपोआप बदलत नाही. विजेची जोडणी, गॅस आणि शिधापत्रिका ही कामे आई आणि एखादा शेजारी मिळून सवडीने करू शकतील. वडिलांना पीएम किसानचे हप्ते येत असतील तर ते थांबवण्यास कळवा. या योजनेला १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीच्या जमीनधारणेची अट असली, तरी वारसाने आलेल्या जमिनीला ती अट आड येत नाही, त्यामुळे नाव लागल्यावर आईला नव्याने अर्ज करता येईल. विकास सोसायटीचे पीककर्ज असेल तर वारसाची जबाबदारी वारसाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते; आपल्या पगारातून ते फेडण्याचा कागद कोणी पुढे केला तर सही करण्यापूर्वी वकिलांना दाखवावा.

प्रश्न : माझे माहेर गुहागर तालुक्यात. वडील १९९८ मध्ये वारले आणि आई यंदा गेली. आईच्या दहाव्याला भावांनी स्टॅम्प पेपर पुढे ठेवला आणि हक्क सोडल्याची सही मागितली. भावांशी माझे भांडण नाही आणि मला माहेर तोडायचे नाही. वडील इतक्या वर्षांपूर्वी गेल्यामुळे मला हक्कच नाही असेही ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजीच्या विनीता शर्मा प्रकरणातील निकालात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी मिळकतीची रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर मात्र ती आता उकलता येत नाही, म्हणून तेवढे तपासून घ्यावे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर मुलगी १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच पहिल्या वर्गाची वारस आहे. आईचा जो हिस्सा होता तोही तिने मृत्युपत्र केले नसेल तर आपल्या सर्व भावंडांत समान येतो.

स्टॅम्प पेपरवरील सहीने किंवा नोटरीच्या शिक्क्याने जमिनीवरचा हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच लागते. तलाठ्यापुढे ‘माझी हरकत नाही’ असा जबाब दिल्यानेही तो सुटत नाही. उलट, एकदा नोंदलेले हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. त्यामुळे आपण आज कशावरही सही करू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. दुःखाच्या दहाव्या दिवशी घेतलेली संमती ही खरी संमती नसते, मग ती कितीही प्रेमाने मागितलेली असो.

माहेर तुटेल ही आपली भीती आम्ही हलकी लेखत नाही. कोकणात विवाहित मुलीचे माहेर म्हणजे गणपतीला जाण्याचे घर, आणि ते दार बंद होऊ नये म्हणून कित्येक बहिणी आयुष्यभर सह्या देत आल्या आहेत. भावांना एवढेच सांगून पाहावे : वारस म्हणून माझे नाव लागू दे, पण घर तुम्ही वापरा, आंबा-काजूचे उत्पन्न तुम्ही घ्या, मी वाटणी मागत नाही. नाव लागल्याने त्यांच्या वहिवाटीला काहीही धक्का बसत नाही. याउलट बहीण नाही असे दाखवणारे प्रतिज्ञापत्र भावांनी केले, तर ते खोटे प्रतिज्ञापत्र ठरेल आणि उद्या जमीन विकताना किंवा रस्त्यासाठी संपादित होताना तेच अडचणीत येतील. पूर्वी बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिली जात. आपले नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, भावांच्या बरोबरीने लागले आहे याची खात्री करून घ्या. पुढे वर्षा-दोन वर्षांनी, कोणाचा आग्रह नसताना, आपल्याला मनापासून हक्क सोडावासा वाटला तर तेव्हाही तो सोडता येईल.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाडीत माझ्या दिरांना भाताच्या खाचरात साप चावला. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले. वय ४१. रात्रीच अंत्यविधी उरकला, शवविच्छेदन झाले नाही. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. जावेला काही मदत मिळू शकेल का?

उत्तर : मिळू शकेल, पण दिवस मोजके आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे, झाडावरून पडणे अशा अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वयाची मर्यादा १० ते ७५ वर्षे असून जमीन स्वतःच्या नावावर नसलेल्या, शेतकरी कुटुंबातील एका सदस्यालाही योजना लागू आहे. त्यामुळे सासरे खातेदार असले तरी अडचण नाही. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा आहे. उपचारापूर्वीच मृत्यू झाल्यामुळे शवविच्छेदन राहून गेले असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते. ज्या दवाखान्यात त्यांना नेले तेथील केसपेपर मिळवा, पोलीस पाटलांकडून घटनेचा लेखी अहवाल घ्या आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून सर्पदंश लिहिले गेले आहे का ते आजच पाहा. त्या ठिकाणी ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिले असेल तर प्रस्ताव अडकेल.

दिरांच्या पासबुकात ४३६ आणि २० रुपयांच्या नोंदी शोधा. दोन्ही असतील तर दोन्ही विम्यांचे दावे स्वतंत्रपणे करता येतात. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल तर कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेल्याबद्दल राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकरकमी मिळतात, आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेतून जावेला महिना १५०० रुपये मिळू शकतात. या दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात करावयाचे आहेत. सर्व अर्जांवर जावेचे स्वतःचे बँक खाते द्यावे. नसेल तर ते याच आठवड्यात उघडावे.

इतर वाचकांना विनंती अशी की सर्पदंश, बुडणे, विजेचा धक्का किंवा माडावरून पडणे अशा कारणाने मृत्यू झाल्यास पोलिसांना कळवल्याशिवाय अंत्यविधी करू नयेत. ‘देहाची चिरफाड नको’ ही भावना आम्हाला कळते, पण पंचनामा आणि शवविच्छेदन झाले नाही तर त्या माणसाच्या लहान मुलांच्या हक्काची रक्कम मिळवणे फार कठीण होते, आणि ही गोष्ट त्या रात्री घरच्यांना सांगण्याची जबाबदारी शेजाऱ्यांनी घ्यावी लागते.